स्वयंपाकघराची स्वच्छता : चेन्नई शहराच्या अनुभवावरून

घरातील इतर कोणत्याही खोलीपेक्षा स्वयंपाकघर अधिक वेळा झाडले, पुसले आणि धुतले जाते. असे असूनही, निरनिराळ्या देशांत घरांतून गोळा केलेल्या नमुन्यांची तपासणी केली असता, ओट्यावरील ओले फडके आणि भांड्यांची घासणी यांत संडासाच्या बैठकीपेक्षाही अधिक जंतू पुष्कळदा आढळून आलेले आहेत. याचा दोष गृहिणीच्या निष्काळजीपणाला देता येणार नाही. संडासाची बैठक बहुतेक वेळ कोरडी असते व तिच्यावर अन्नकण नसतात. फडके मात्र दिवसभर ओले असते आणि त्याच्या धाग्याधाग्यांत भाताची पेज, दुधाचे थेंब, डाळीचे कण अडकून राहिलेले असतात. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता साधली म्हणजे रोगजंतूंचाही बंदोबस्त झाला, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. बहुतेक स्वयंपाकघरांतील आजाराचे मूळ या समजुतीतच सापडते.

जंतूंच्या वाढीस ओलावा, ऊब, अन्न आणि वेळ या चार गोष्टी लागतात. पोषक पदार्थात आणि शरीराच्या तपमानाइतक्या उबेत कित्येक जंतूंची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. या हिशेबाने एका जंतूपासून सात तासांत वीस लाखांहून अधिक जंतू निर्माण होऊ शकतात. सकाळी आठ वाजता वाटलेली ओल्या नारळाची चटणी दुपारी तीन वाजता पुन्हा ताटात वाढली जाते, तेव्हा मधला काळ नेमका एवढाच असतो.

या दृष्टीने चेन्नईचे (१९९६ पूर्वीच्या मद्रासचे) उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. उत्तर भारतात किंवा महाराष्ट्राच्या पठारावर थंडीचे दोनतीन महिने तरी अन्न टिकण्यास निसर्गाची मदत होते. चेन्नईत ती नाही. जानेवारीच्या पहाटेही तेथील तपमान सहसा २० अंश सेल्सियसच्या फारसे खाली उतरत नाही. मे महिन्यातील दुपारी ते ३७-३८ अंशांच्या घरात असते, आणि मे २००३ मध्ये तर ते ४५ अंशांपर्यंत चढले होते. समुद्रामुळे हवेत दमटपणा कायम. शिवाय या शहराला पाण्याची टंचाई जडलेलीच आहे. थोडक्यात, ज्या हवेत अधिक धुण्याची गरज, त्याच हवेत धुण्यास पाणी कमी, असा हा पेच आहे.

१९९२ ची साथ

ऑक्टोबर १९९२ मध्ये मद्रास शहरात पटकीसारख्या तीव्र जुलाबाचे रोगी आढळू लागले. त्या काळापर्यंत पटकीची साथ पसरविणारे जंतू ‘ओ-१’ या एकाच गटातील असतात, असे वैद्यकशास्त्र मानीत आले होते. मद्रासमधील रोग्यांच्या तपासणीत जो जंतू मिळाला, तो मात्र या गटाच्या कसोटीला उतरेना. काही महिन्यांतच हा जंतू कलकत्त्यात आणि बांगला देशात पोहोचला, आणि १९९३ मध्ये त्याला ‘ओ-१३९ बेंगॉल’ हे नाव मिळाले. जुन्या जंतूविरुद्ध आयुष्यभरात मिळविलेली प्रतिकारशक्ती नव्या जंतूपुढे उपयोगी पडली नाही. त्यामुळे ज्या प्रदेशांत पटकी हा मुख्यतः मुलांचा आजार होऊन बसला होता, तेथे प्रौढ माणसेही मोठ्या संख्येने आजारी पडली.

या साथीची हकिकत स्वयंपाकघराच्या विवेचनात सांगण्याचे कारण असे की, जंतू नवा असला तरी त्याचा मार्ग जुनाच होता. पटकीचा जंतू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातो. या मार्गाचा शेवटचा टप्पा प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरातून जातो, आणि तेवढाच टप्पा घरातील माणसांच्या हाती असतो.

पुळल (रेड हिल्स) तलावाचे पाणी १८७२ साली मद्रासला आणण्यात आले आणि १९१४ साली किलपॉक येथील जलशुद्धीकरण केंद्र सुरू झाले. तेव्हापासून शहराला शुद्ध केलेले पाणी मिळते, हे खरे. परंतु केंद्रातून निघालेले शुद्ध पाणी घरातील पेल्यापर्यंत शुद्धच पोहोचेल, याची शाश्वती नसते. पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते, तेव्हा उरलेल्या वेळी जलवाहिन्या रिकाम्या राहतात. रिकाम्या नळातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि जेथे नळाला बारीक चीर असेल तेथून आसपासचे सांडपाणी आत ओढले जाते. चेन्नईतील असंख्य घरांत दाब कमी पडतो म्हणून नळाच्या वाहिनीवरच हातपंप बसविलेले असतात. या पंपाच्या ओढीने तर हे शोषण अधिकच वाढते. म्हणूनच पाणी सुटल्यावर पहिली एकदोन भांडी पिण्यासाठी न भरता धुण्याकडे वळविणे शहाणपणाचे ठरते. भारतीय मानकानुसार पाण्यात दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवे. पाण्यास येणारा क्लोरीनचा मंद वास पुष्कळांना आवडत नाही. परंतु साथीच्या दिवसांत तो वास नसणे हीच काळजीची गोष्ट होय.

साठविलेले पाणी

घरात आलेले पाणी नंतर कसे ठेवले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते. कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत झालेला आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत मोठा बोलका आहे. पटकीचा रोगी असलेल्या काही घरांना पाणी साठविण्यासाठी अरुंद तोंडाची मातीची सुरई देण्यात आली, काही घरांत पाण्यात क्लोरीन घालण्यात आले, आणि काही घरे पूर्वीप्रमाणेच ठेवण्यात आली. सुरई वापरणाऱ्या घरांत इतर माणसांना होणारा संसर्ग, काहीच न केलेल्या घरांच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांशांनी कमी झाला. औषध नाही, यंत्र नाही. केवळ भांड्याच्या तोंडात हात शिरत नाही, एवढाच फरक. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडविला की पेल्याबरोबर बोटेही बुडतात.

चेन्नईच्या रस्त्यांवर टँकरपुढे लागलेली रंगीबेरंगी प्लास्टिकच्या ‘कुडम्’ची, म्हणजे घागरींची रांग वृत्तपत्रांतील छायाचित्रांमुळे देशभर परिचित झाली आहे. घागर अरुंद मानेची असते, हे चांगलेच. पण घरी आल्यावर तिच्यातील पाणी बहुधा रुंद तोंडाच्या ‘अंडा’त, म्हणजे मोठ्या पातेल्यात किंवा पिंपात ओतले जाते, आणि सुरईचा सगळा फायदा तेथे नाहीसा होतो. मराठी घरांत माठातील पाणी काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरण्याची पद्धत होती. ती दिसावयास साधी, परंतु शास्त्रशुद्ध होती. ओगराळे वापरून झाल्यावर जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगले पाहिजे, हे अर्थात त्यातच आले.

तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवण्याच्या जुन्या पद्धतीविषयीही असेच म्हणता येईल. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवल्यावर त्यात पटकीचे व आमांशाचे जंतू जिवंत आढळले नाहीत. मात्र सोळा तासांचा गुण एका तासात येत नाही. आणि भांडे आतून हिरवे किंवा तेलकट झाले असेल तर त्याचा भरवसा धरू नये. ताक, चिंचेचे सार यांसारखे आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवणे तर घातकच. रसम् उकळण्यासाठी तमिळ घरांत कथिलाचा ‘ईय चोंबू’ वापरतात. येथे भाषेचा एक सापळा आहे. तमिळमध्ये ‘ईयम्’ म्हणजे शिसे आणि ‘वेळ्ळीयम्’ म्हणजे कथील. परंतु बोलताना दोन्हींना सर्रास ‘ईयम्’ म्हणतात. कथिल निरुपद्रवी, तर शिसे विषारी. म्हणून असे भांडे केवळ स्वस्त मिळते म्हणून अनोळखी दुकानातून घेऊ नये.

टंचाईतील धुणीभांडी

जून २०१९ मध्ये चेन्नईला पाणी पुरविणारे चार मुख्य तलाव जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टै येथून रेल्वेने पाणी आणावे लागले. एका गाडीत २५ लाख लिटर पाणी येत असे. लोकसंख्येच्या मानाने हे पाणी अगदी तुटपुंजे होते. अशा दिवसांत प्रथम काटकसर होते ती भांडी आणि हात धुण्यात. पैकी हातांच्या बाबतीत ती करू नये. २००३ साली अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा साबणाने हात धुण्याने जुलाबाच्या आजारांचा धोका ४२ ते ४७ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असा निष्कर्ष निघाला. शौचाहून आल्यावर, बाळाला स्वच्छ केल्यावर आणि स्वयंपाकास हात लावण्यापूर्वी, या तीन वेळा तरी साबण सुटता कामा नये. बारीक धारेखाली धुतल्यास तांब्याभर पाणी पुरते.

भांड्यांच्या बाबतीत मात्र क्रम पाळल्यास पाणी खरोखरच वाचते. प्रथम खरकटे कोरडेच खरवडून काढावे. नंतर पेले, वाट्या, डाव, आणि सर्वांत शेवटी तेलकट कढया, असे घासावे. म्हणजे घासणी व पाणी लवकर तेलकट होत नाही. राख ही वाईट घासणपूड नव्हे. ती क्षारयुक्त असल्याने स्निग्धता काढते. पण राखेच्या जागी अंगणातील किंवा रस्त्याकडेची माती वापरली जाते तेव्हा तिच्याबरोबर जंतांची अंडी येण्याचा संभव असतो. धुतलेली भांडी फडक्याने पुसण्यापेक्षा जाळीवर पालथी घालून निथळू द्यावीत. पुसण्याने भांडे चकचकीत होते, परंतु फडक्यातील जंतूही त्याच्यावर सारखे पसरतात.

फडक्याचा प्रश्न थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. तमिळ घरात ‘करित्तुणी’ आणि मराठी घरात मसोते या नावाने ओळखले जाणारे हे वस्त्र गरम पातेले उतरविते, ओटा पुसते, सांडलेले दूध टिपते आणि प्रसंगी हातही कोरडे करते. एवढी कामे एकाच वस्त्राकडे सोपविणे हीच मुळात चूक होय. हातांसाठी एक, ओट्यासाठी दुसरे आणि भांडी उतरविण्यासाठी तिसरे, अशी फाटक्या धोतराची किंवा साडीची तीन फडकी ठेवावीत. ती रोज साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावीत आणि आठवड्यातून एकदोनदा दहा मिनिटे उकळावीत. चेन्नईच्या उन्हाला लोक नावे ठेवतात. या एका कामी ते फुकट मिळणारे उत्तम साधन आहे. पावसाळ्यात, म्हणजे तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, वस्त्र वाळत नाही तेव्हा अधिक फडकी हाताशी ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

उष्टे, खरकटे आणि सोवळे

परंपरेने स्वच्छतेचे काही नियम घालून दिलेले आहेत आणि ते दक्षिणेत व महाराष्ट्रात आश्चर्य वाटावे इतके समान आहेत. तमिळमधील ‘एच्चिल्’ म्हणजे आपले उष्टे; ‘पत्तु’ म्हणजे जवळजवळ खरकटे; आणि ‘मडि’ म्हणजे सोवळे. या तिन्हींची किंमत जंतुशास्त्राच्या दृष्टीने सारखी नाही.

उष्ट्याचा विधिनिषेध सर्वांत उपयुक्त होय. पेला ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची तमिळ पद्धत लाळेतून होणारा संसर्ग टाळते. वाढण्याचा डाव ताटाला लागू न देणे, चव पाहताना पदार्थ पळीतून तळहातावर घेणे, या सवयीही त्याच जातीच्या. ‘पत्तु’चा नियम असा की, शिजलेल्या भातास हात लागल्यावर पाण्याने हात धुतल्याशिवाय दही, तूप, लोणचे यांना स्पर्श करावयाचा नाही. शिजलेल्या ओल्या अन्नाचे कण टिकाऊ पदार्थांत गेले तर ते पदार्थ लवकर बिघडतात, हा अनुभव या नियमामागे असावा असे दिसते. येथे केवळ पाण्याऐवजी साबण आला की नियम पूर्ण होतो.

सोवळ्याची गोष्ट निराळी. स्नान करून धूतवस्त्र नेसून स्वयंपाक करणे चांगलेच. परंतु सोवळ्यात जन्मावरून माणसामाणसांत जो भेद केला जातो त्याचा रोगजंतूंशी कसलाही संबंध नाही. न्यूयॉर्क येथे मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. ती स्वतः धडधाकट होती, परंतु तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू वस्ती करून होते आणि तिने काम केलेल्या घरांतून एकामागून एक माणसे आजारी पडत गेली. १९०७ साली हा प्रकार उघडकीस आला. निरोगी दिसणारी व्यक्ती रोगवाहक असू शकते, हे त्यावरून जगाला कळले. अशी व्यक्ती कोणत्याही कुळात जन्मू शकते, आणि ओले सोवळे नेसल्याने तिचे जंतू नाहीसे होत नाहीत. हात मात्र साबणाने धुता येतात.

शेणाने जमीन सारविण्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. जेवणाच्या जागी शेणगोळा फिरविल्याने खरकटे व तेलकटपणा उचलला जाई, हा त्याचा खरा गुण. शेण स्वतः जंतुनाशक आहे ही समजूत चुकीची होय. त्यात आतड्यांतील जंतू विपुल असतात. फरशीवर साबणाचे पाणी तेच काम अधिक चांगले करते.

भात, पीठ आणि चटणी

इडलीचे पीठ हा स्वयंपाकघरातील जंतूंचा सर्वांत सुखद आविष्कार म्हणावा लागेल. तांदूळ व उडीद यांच्या वाटलेल्या पिठात ‘ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस’ या नावाचे व त्याच्या जातभाईंचे जंतू वाढतात, वायू सोडून पीठ फुगवितात आणि आम्ल निर्माण करून उपद्रवी जंतूंना आळा घालतात. त्यानंतर पीठ वाफेवर शिजते. त्यामुळे ताजी इडली ही प्रवासातदेखील बऱ्यापैकी सुरक्षित असते. दगडी रगडा किंवा विजेवर चालणारे त्याचे यंत्र मात्र वापरताच धुतले पाहिजे. कोइंबतूर येथे १९५५ साली जन्मलेल्या या यंत्राच्या दगडाच्या टाक्यांत व दांड्याच्या खोबणीत जुने पीठ अडकून राहते आणि पुढच्या पिठास भलतेच विरजण लागते.

धोका असतो तो इडलीसोबतच्या चटणीत. ओले खोबरे पौष्टिक, ओलसर आणि जवळजवळ आम्लरहित असते. ते न शिजविता, पुष्कळदा न उकळलेल्या पाण्यात वाटले जाते. वरून दिलेली मोहरीची फोडणी सुगंध देते, पण चटणी शिजवीत नाही. चटणी वाटताना उकळून गार केलेले पाणी घ्यावे, ती जेवणापुरतीच करावी, आणि दोन तासांत संपणार नसेल तर शीतकपाटात ठेवावी.

भाताविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. तो असा की, उरलेला भात सकाळी पुन्हा खळखळून गरम केला म्हणजे निर्धोक होतो. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूची बीजे असतात आणि ती शिजण्यातूनही वाचतात. कोमट भातात ती रुजतात, वाढतात आणि त्यांपैकी काही असे विष तयार करतात की ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. तेव्हा भात गरम करण्यापेक्षा तो कोमट न राहू देणे महत्त्वाचे. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर थंड करून शीतकपाटात ठेवावा, किंवा ६० अंशांपेक्षा अधिक गरम असतानाच वाढून संपवावा. उरलेल्या भातात रात्री पाणी घालून सकाळी तो ताकाबरोबर खाण्याची तमिळ पद्धत, म्हणजेच ‘पळय सादम्’, ही आंबविण्याचीच एक रीत आहे आणि आम्लतेमुळे तिचा काही उपयोग होतो. पण दुपारपासून संध्याकाळपर्यंत पातेल्यात कोमट पडून राहिलेल्या भातावर रात्री पाणी घातल्यास आधी तयार झालेले विष काही जात नाही.

मासे खाणाऱ्या घरांत विळी दोन असाव्यात. समुद्रातील माशांच्या अंगावर पटकीच्या जंतूचा एक भाऊबंद असतो; शिजविल्यावर तो मरतो, परंतु त्याच विळीवर लगेच काकडी चिरली तर ती मात्र कच्चीच पोटात जाते.

पाण्यातील डास आणि पुरातील पाणी

पाणी साठवून ठेवावे लागते तेथे डास येतात. चेन्नईतील हिवतापाचा प्रसार करणारा ‘ॲनॉफेलिस स्टीफेन्साय’ हा डास डबक्यांपेक्षा विहिरी आणि गच्चीवरील टाक्या यांतील स्वच्छ पाणी पसंत करतो. डेंगीचा डास तर स्वयंपाकघरातील पिंपात, किंवा मुंग्या चढू नयेत म्हणून फडताळाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाटीतही अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, कडा घासून, उन्हात वाळविली तर ही साखळी तुटते. मुंग्यांच्या वाट्यांत पाण्याऐवजी मीठ घातलेले पाणी किंवा थोडे तेल ठेवावे.

डिसेंबर २०१५ मध्ये अतिवृष्टीने अडयार नदीचे पाणी शहराच्या विस्तृत भागात शिरले, तेव्हा तळमजल्यांवरील हजारो स्वयंपाकघरे गाळ आणि सांडपाण्यात बुडाली. अशा घरात परत आल्यावर प्रथम काय टाकून द्यावे, याविषयी मन घट्ट करावे लागते. भिजलेले धान्य व पीठ, लाकडी पोळपाट व चमचे, झाकण नीट न बसणाऱ्या डब्यांतील मसाले, हे सर्व टाकावे. वीज चार तासांहून अधिक वेळ नव्हती अशा शीतकपाटातील दूध, मासे, शिजलेले अन्नही टाकावे. वास घेऊन ठरवू नये, कारण विष पुष्कळदा बिनवासाचे असते. स्टीलची भांडी साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढली की पुरते.

सर्वांत कष्टाचे काम जमिनीखालील टाकीचे. ती पूर्ण उपसून, गाळ काढून, भिंती घासून घ्याव्या लागतात. गाळ तसाच ठेवून वर ब्लीचिंग पावडर टाकणे व्यर्थ होय. क्लोरीन त्या गाळाशीच झगडण्यात संपून जातो. टाकी स्वच्छ झाल्यावर नवे पाणी भरावे आणि एरवी दर हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम या प्रमाणात चांगली ब्लीचिंग पावडर वेगळ्या बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी टाकीत ओतावी. निदान एक तास पाणी वापरू नये. तासानंतर क्लोरीनचा वास मुळीच येत नसेल, तर पाण्यात अजून घाण आहे असे समजून पुन्हा तेच करावे. पावडरीचा डबा दमट जागी उघडा राहिला असेल तर तिचा जोर केव्हाच गेलेला असतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.